मोंत्रोच्या तळ्याकाठी बारा स्वर

९ जुलै २०२४ च्या सकाळी झुरिकच्या मुख्य स्थानकावर मी लोझानच्या गाडीची वाट पाहत उभा होतो, तेव्हा समोरच्या फलाटावर उतरणाऱ्या मुलींच्या हातांकडे माझे लक्ष गेले. मणी ओवून केलेल्या रंगीबेरंगी कंकणांनी त्यांचे हात मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत भरले होते. कोणी टिकल्यांचा चमचमता झगा घातला होता, कोणाच्या गालावर चमकी लावलेली होती आणि सकाळचे नऊही वाजले नव्हते. त्या संध्याकाळी शहरातल्या लेट्झिग्रुंड स्टेडियममध्ये टेलर स्विफ्ट या अमेरिकी गायिकेचा कार्यक्रम होता. झुरिकला शिकत असलेल्या माझ्या भाचीने त्याचे तिकीट वर्षभर आधी काढून ठेवले होते. मी मात्र नेमका त्याच दिवशी शहराबाहेर, जिनिव्हाच्या सरोवराकाठी असलेल्या मोंत्रो या गावी निघालो होतो.

आदल्या रात्री जेवताना ती म्हणाली होती, “मामा, तू पन्नास वर्षांपूर्वी जळून गेलेली इमारत बघायला चाललायस आणि मी आज जिवंत असलेली बाई ऐकायला चाललेय. आपल्यातलं कोण शहाणं?” मी उत्तर दिले, की आणखी पन्नास वर्षांनी तुझ्या या गाण्यांसाठी कोणी आगगाडीने तीन तास प्रवास करील का, ते पाहू. हे वाक्य मी सहज बोलून गेलो, पण रात्री ते मलाच बोचू लागले. जुन्या रॉक संगीताने माझ्या पिढीवर जो ठसा उमटवला, तसा ठसा आजचे लोकप्रिय संगीत उमटवू शकेल का, या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ तयार आहे असे मी धरून चाललो होतो. पुढचा सगळा दिवस तो प्रश्न माझ्या सोबतीला होता.

बर्न आणि फ्रीबुर्ग मागे टाकून गाडी एका बोगद्यात शिरते आणि बाहेर पडते ती थेट लाव्होच्या द्राक्षमळ्यांच्या माथ्यावर. खाली एकाखाली एक दगडी बांधांच्या पायऱ्या, त्यांच्या पलीकडे निळे सरोवर आणि त्याही पलीकडे फ्रान्सच्या हद्दीतले डोंगर असे ते दृश्य एकदम उघडते, तेव्हा डब्यातले बोलणे आपोआप थांबते. युनेस्कोने २००७ साली या मळ्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. लोझानला गाडी बदलून मी मोंत्रोला उतरलो आणि उतारावरच्या गल्ल्यांतून थेट तळ्याकाठी गेलो. दरवर्षीचा जॅझ महोत्सव नुकताच सुरू झाला होता आणि त्या वर्षी त्याचे मुख्य व्यासपीठ पाण्यावरच उभारलेले होते.

मला पाहायचे होते ते कॅसिनो. सध्या तिथे असलेली इमारत १९७५ साली उभी राहिली. तिच्याआधीची इमारत ४ डिसेंबर १९७१ रोजी, फ्रँक झाप्पा हा अमेरिकी रॉक गिटारवादक आणि त्याच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम चालू असताना जळाली. श्रोत्यांपैकी कोणीतरी छताच्या दिशेने इशाऱ्याचा ज्वालाबाण सोडला आणि छताने पेट घेतला. महोत्सवाचा संस्थापक क्लोद नोब्स स्वतः धावून धावून मुलांना बाहेर काढत होता. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. इंग्लंडहून आलेला डीप पर्पल हा वाद्यवृंद तेव्हा याच गावात होता, कारण दुसऱ्या दिवसापासून याच कॅसिनोत त्यांच्या नव्या तबकडीचे ध्वनिमुद्रण सुरू व्हायचे होते आणि त्यासाठी रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाच्या मालकीची ध्वनिमुद्रणाची फिरती गाडीही येऊन थांबली होती. हातची जागा जळून गेली आणि त्या कलावंतांनी तळ्यावर पसरत जाणारा धूर पाहिला. आधी त्यांना पॅव्हिलियन नावाचे एक नाट्यगृह मिळाले, पण तिथल्या आवाजाने शेजारी जागे झाले आणि पोलिसांनी काम बंद पाडले. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळांत गाद्या उभ्या करून त्यांनी उरलेले काम पूर्ण केले. जे घडले तेच त्यांनी एका गाण्यात जसेच्या तसे सांगितले. ते गाणे म्हणजे ‘स्मोक ऑन द वॉटर’.

तळ्याकाठच्या वाटेवर या गाण्याचे एक स्मारक आहे आणि त्यावर गाण्याच्या सुरुवातीचे स्वर पाश्चात्त्य स्वरलिपीत कोरलेले आहेत. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो, कारण हे स्वर माझ्या बोटांना चाळीस वर्षांपासून ठाऊक आहेत. पुण्यात वसतिगृहात असताना एका वरच्या वर्गातल्या मुलाने गिटारीच्या मधल्या दोन तारांवर ते मला दाखवले होते. मोकळी तार, तिसरे घर (म्हणजे दांडीवरच्या दोन पट्ट्यांमधली जागा), पाचवे घर. पुन्हा मोकळी, तिसरे, सहावे, पाचवे. आणि शेवटी मोकळी, तिसरे, पाचवे, तिसरे, मोकळी. एकूण बाराच आघात आहेत आणि पहिल्या संध्याकाळी ते कोणालाही जमतात. पुढच्या सुट्टीत वाईला घरी गेल्यावर मी ते वडिलांना ऐकवले. त्यांनी पेटी पुढे ओढली, एक पट्टी षड्ज धरली आणि दुसऱ्याच खेपेला वाजवून दाखवले: सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, म, सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. “दोन्ही मध्यम लागोपाठ लावलेत,” ते म्हणाले, “म्हणून ते कानाला सोडत नाही.” गिटारीवर यातला प्रत्येक स्वर एकटा येत नाही, तर त्याच्याखाली चौथ्या अंतरावरचा स्वर जोडीने वाजतो; हा षड्ज-मध्यम भाव आहे आणि त्या आवाजाला जो भरीव, दगडी भार आहे तो त्यातूनच येतो. नाट्यसंगीतात मुरलेल्या एका माणसाला इंग्लंडमधल्या पाच तरुणांचे स्वर क्षणात ओळखता आले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

टिकाऊ प्रभाव म्हणजे काय, या प्रश्नाचे माझे उत्तर इथेच आहे. ऐकणाऱ्यांची संख्या हे त्याचे माप नव्हे. गाणे तबकडीतून बाहेर पडून अनोळखी माणसांच्या हातांत शिरले पाहिजे आणि एकाने दुसऱ्याला शिकवत ते पुढे गेले पाहिजे. मोंत्रोत जळालेल्या इमारतीचे गाणे पुण्याच्या वसतिगृहात आणि वाईच्या पेटीवर पोहोचले, ते कोणी विकत घेतले म्हणून नव्हे, तर कोणीतरी कोणालातरी बोट धरून दाखवले म्हणून.

मात्र इतिहास नीट पाहिला, तर माझ्या पिढीचा ठामपणा थोडा ढिला होतो. ज्या कलावंतांनी हे गाणे केले त्यांना ते फारसे मोलाचे वाटले नव्हते. १९७२ च्या मार्चमध्ये तबकडी आली तेव्हा या गाण्यावर कोणाचा भर नव्हता. अमेरिकेत ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले ते १९७३ मध्ये, म्हणजे वर्ष उलटून गेल्यावर, आणि मग ते तिथल्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. तेव्हा जर कोणी विचारले असते, की यातले काय टिकेल, तर करणाऱ्यांनीही दुसऱ्याच गाण्याकडे बोट दाखवले असते. आणखी एक गोष्ट आम्ही सोयीने विसरतो. कोमल गंधार आणि तीव्र मध्यम यांचा हा खेळ या इंग्रज मुलांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकांकडून घेतला होता. जुने रॉक हेही एके काळी नवे लोकप्रिय संगीत होते आणि त्या काळच्या वडीलधाऱ्यांना त्यात गोंगाटाशिवाय काही ऐकू येत नव्हते.

तिथून थोडे चालले की बाजारचौकात, सरोवराकडे तोंड करून, क्वीन या इंग्लंडमधल्या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा पुतळा उभा आहे. सुमारे तीन मीटर उंचीचा, ब्राँझचा, उजवी मूठ आभाळाकडे उगारलेली. इरेना सेद्लेत्स्का या शिल्पकार बाईंनी तो घडवला आणि १९९६ च्या नोव्हेंबरात त्याचे अनावरण झाले. त्याच्या पायाशी ताजी फुले होती. एक जपानी जोडपे, त्यांच्यानंतर पोर्तुगीज बोलणारे एक कुटुंब आणि मग दहाबारा वर्षांची दोन मुले, सगळ्यांनी मूठ वर करून छायाचित्रे काढली. ती मुले जन्मण्याच्या किती तरी आधी, २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, हा माणूस गेला.

मला त्या पुतळ्यापाशी वेगळेच काही आठवत होते. माझे बालपण वाईत गेले. पसरणीचा घाट चढून एसटी पाचगणीत शिरली, की निवासी शाळांची फाटके दिसत. त्यांतल्याच सेंट पीटर्स या शाळेत झांझिबारहून आलेला फारोख बुलसारा नावाचा पारशी मुलगा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, शिकला होता, आणि बारा वर्षांचा असताना त्याने चार मित्रांना जमवून ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद काढला होता, हे मला त्याच्या मृत्यूच्या बातमीत वाचायला मिळाले. तोपर्यंत मी त्या फाटकावरून शेकडो वेळा गेलो होतो. त्या मुलांनी तरी पाचगणीत काय वाजवले असेल? रेडिओवरून कानावर पडणारी, आज जुनी झालेली आणि तेव्हा अगदी नवी असलेली गाणी. पाचगणीच्या लाल मातीतून निघालेला हा मुलगा मोंत्रोच्या तळ्याकाठी उभा आहे, याचा मला फार अभिमान वाटला आणि मी तो त्या जपानी जोडप्याला सांगितलाही.

क्वीन या त्याच्या वाद्यवृंदाने १९७९ साली कॅसिनोतला माउंटन स्टुडिओ विकत घेतला होता. आता तिथे एक लहानसे संग्रहालय आहे आणि मी गेलो तेव्हा प्रवेशाला पैसे पडले नाहीत. बाहेरची भिंत आणि दार चाहत्यांनी लिहिलेल्या मजकुराने इतके भरले आहे, की नव्या माणसाला अक्षरे जुन्या अक्षरांवरच गिरवावी लागतात. आतल्या नियंत्रणकक्षात एक मिश्रण-फलक ठेवलेला आहे आणि त्यावरच्या सरकत्या कळा खालीवर करून क्वीनच्या मुद्रणातले वेगवेगळे आवाज आपल्याला वेगळे काढता येतात. मी एकेक कळ खाली ओढली. ढोल गेले, गिटार गेली, आणि उरला फक्त त्याचा गळा, श्वास घेतल्याच्या आवाजासकट. १९९१ च्या मे महिन्यात, शरीर संपत आलेले असताना, त्याने याच ठिकाणी ‘मदर लव्ह’ गायले. शेवटचे कडवे त्याच्याकडून झालेच नाही. ते पुढे क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने गायले. मी कळ तशीच ठेवून दोनदा ऐकले आणि मागे उभ्या असलेल्या माणसाने मला अजिबात घाई केली नाही.

याच स्टुडिओत १९८१ साली डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाबरोबर क्वीनचे ‘अंडर प्रेशर’ हे गाणे झाले. त्याच्या सुरुवातीची, क्वीनच्या जॉन डीकनची बास गिटारवरची लकेर १९९० साली व्हॅनिला आइस या रॅप गायकाने आपल्या गाण्यासाठी उचलली आणि नंतर मूळ कलावंतांना श्रेय द्यावे लागले. त्या वेळच्या कित्येक मुलांनी ती लकेर आधी त्याच्या गाण्यात ऐकली आणि मग ती उलट वाटेने क्वीनपर्यंत आली. नवे संगीत जुन्याला पुसून टाकते, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पुष्कळदा नवेच जुन्याला पुढे वाहून नेते.

परतीच्या गाडीत मी भाचीची बाजू तिच्याशिवाय मांडून पाहिली. टेलर स्विफ्टचा हा दौरा १७ मार्च २०२३ ला सुरू झाला आणि पुढे ८ डिसेंबर २०२४ ला १४९ कार्यक्रम करून संपला. त्याची तिकीटविक्री दोन अब्ज डॉलरच्या वर गेली. हे आकडे प्रचंड आहेत, पण माझ्या मापात ते बसत नाहीत. माझ्या मापात बसते ते दुसरेच. आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी दुसऱ्यांकडे गेली, तेव्हा २०२१ पासून तिने त्यांतले चार संग्रह पुन्हा गाऊन त्यांची नवी ध्वनिमुद्रणे आपल्या मालकीची केली आणि गाणे कोणाचे असते, हा प्रश्न तिने घराघरांतल्या मुलांना विचारायला लावला. असे धारिष्ट्य सत्तरीच्या दशकातल्या किती मोठ्या कलावंतांनी दाखवले?

तरीही एक शंका मला सोडत नव्हती. तिच्या ‘लव्ह स्टोरी’ या गाण्याचे चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, डी, ए, बी मायनर आणि जी, शब्दांशिवाय वाजवले तर ते कोणते गाणे हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, कारण तीच साखळी शेकडो गाण्यांत आहे. त्या बारा आघातांपैकी पहिले तीन पडताच मात्र मान वळते. स्वरांच्या बाबतीत आजचे लोकप्रिय संगीत जुन्या रॉकपाशी पोहोचलेले नाही, असे माझे मत आहे आणि मी ते लपवणार नाही. पण आम्ही ज्या गाण्यांवर जीव टाकला, त्यांतल्या कितींचे शब्द आम्हाला आमचे वाटत होते? शब्द आम्ही चुकीचेच म्हणत होतो. या मुलींना मात्र प्रत्येक ओळ पाठ असते आणि त्या ओळींवरून त्या स्वतःच्या वहीत स्वतःच्या ओळी लिहितात. आमच्या गाण्यांनी आमच्या बोटांना वळण लावले. त्यांची गाणी त्यांच्या लिहिण्याला वळण लावत आहेत. पन्नास वर्षांनी त्यातून काय उभे राहील, हे आज त्या बाईंनाही ठाऊक नसेल, जसे १९७१ च्या हिवाळ्यात बोळांत गाद्या लावणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

भाची रात्री बाराला घरी आली. तिचा आवाज पार बसला होता. अनोळखी मुलींशी अदलाबदल करून आणलेली पंधरा-सोळा कंकणे तिने जेवणाच्या टेबलावर ओतली, त्यांतले एक निळे माझ्या मनगटात चढवले आणि मग कोपऱ्यातली गिटार घेऊन म्हणाली, “दाखव तुझं ते धुराचं.” इथे रात्री दहानंतर आवाज केलेला शेजाऱ्यांना चालत नाही, म्हणून तिने तारांवर तळहात दाबून धरला. मी हळू आवाजात सा, कोमल ग, म असे म्हणत गेलो आणि ती घरे शोधत गेली. दुसऱ्या तुकड्यात ती दर वेळी तीव्र मध्यम गाळून सरळ शुद्धावर जाई. चौथ्या खेपेला सहावे घर बरोबर लागले आणि ती स्वतःशीच हसली. तिने तो तुकडा सलग तीनदा वाजवला.

मग गिटार माझ्या मांडीवर ठेवत ती म्हणाली, “आता माझं.” डी आणि ए सोपे गेले. बी मायनरला पहिले बोट आडवे टाकून सगळ्या तारा दाबाव्या लागतात आणि माझ्या बोटात आता तेवढा जोर राहिलेला नाही. दोन तारा मुक्याच राहत होत्या. तिने माझे बोट धरून पट्टीच्या थोडे जवळ सरकवले आणि म्हणाली, “पुन्हा.”