सूर्य मावळल्यावर वीज कुठून येणार?

वीजक्षेत्रात नोकरी झाल्यामुळे, सौर आणि पवन ऊर्जा जगभर एवढी वाढते आहे तर रात्री दिवे कशावर लागणार, हे मला ओळखीचे लोक नेहमी विचारतात. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

शंका रास्त आहे. २०२४ मध्ये जगात ५८५ गिगावॅट अपारंपरिक क्षमता नव्याने उभी राहिली. त्या वर्षी वाढलेल्या एकूण वीजक्षमतेच्या ९० टक्क्यांहून ती अधिक होती. मात्र आपल्याकडे एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १५ ते १६ लाख युनिट देतो, तर तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच नीट चालला तर ६० लाखांच्या आसपास. म्हणूनच २०२५ मध्ये भारताची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू यांवर न चालणारी) झाली, तरी आदल्या वर्षी प्रत्यक्षात निर्माण झालेल्या विजेपैकी जवळपास तीन-चतुर्थांश वीज कोळशाचीच होती. पहिला आकडा सांगणाऱ्याने दुसराही सांगितलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

मग उपाय काय? घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पाचे उदाहरण घ्या. अकोले तालुक्यात प्रवरेवर वरचा जलाशय, कड्याखाली शहापूर तालुक्यात खालचा, दोहोंमध्ये सुमारे ४०० मीटरांचा उतार आणि भूमिगत वीजगृहात १२५ मेगावॅटचे दोन संच. तेच यंत्र एका दिशेने फिरले की वीज देते आणि उलट फिरले की पाणी वर चढवते. चढवताना खर्चलेल्या विजेपैकी पाऊण हिस्सा किंवा थोडा अधिक परत मिळतो. अशा उदंचन, म्हणजे पाणी वर चढवून साठवणाऱ्या, प्रकल्पांची मूळ कल्पना अशी, की औष्णिक संच रात्री सहजासहजी बंद करता येत नाहीत, तेव्हा त्यांची शिल्लक वीज पाणी चढवायला वापरावी आणि मागणी वाढली की ते पाणी सोडावे. सौर विजेमुळे शिल्लक आता भर दुपारी पडू लागली आहे. त्यामुळे पाणी दुपारी चढवायचे आणि दिवेलागणीला सोडायचे, एवढाच वेळापत्रकातला बदल.

बॅटऱ्याही हेच काम करतात. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२४ मधील एका संध्याकाळी काही वेळ बॅटऱ्याच विजेचा सर्वांत मोठा स्रोत ठरल्या.

तेव्हा रात्रीची अडचण तंत्राची कमी, आणि पैसा व जागा यांची अधिक आहे. जागेच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: सह्याद्रीतले नवे जंगल बुडवण्याआधी, जिथे धरणे आधीच बांधलेली आहेत तिथे जोड-जलाशय शक्य आहे का, हे प्रथम तपासले पाहिजे.