मुसोलिनीचे तेल तोडले असते तर

दोन महायुद्धांमधल्या काळाविषयी ‘जर-तर’चा विचार करताना मी एक पथ्य पाळतो: जो पर्याय त्या वेळच्या माणसांपुढे खरोखरच आलेला होता, तेवढ्याचाच विचार करायचा. हिटलर जन्मालाच आला नसता तर, या प्रश्नातून काही हाती लागत नाही. १९३५ च्या हिवाळ्यात इटलीचे तेल तोडले असते तर, हा प्रश्न मात्र माझा पिच्छा सोडत नाही.

३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटलीने युद्ध न पुकारताच इथिओपियावर, म्हणजेच तेव्हाच्या अ‍ॅबिसिनियावर आक्रमण केले. राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स, आजच्या संयुक्त राष्ट्रांची पूर्वसुरी संघटना) चारच दिवसांत इटलीला आक्रमक ठरवले आणि १८ नोव्हेंबरपासून निर्बंध लागू झाले. पण ज्याच्यावाचून मुसोलिनीच्या मालमोटारी आणि विमाने जागची हलली नसती, ते तेलच त्यांतून वगळले गेले. सुएझ कालवाही खुला राहिला आणि सैनिकांनी भरलेली इटालियन जहाजे रीतसर शुल्क भरून त्यातून जात राहिली.

तेलबंदीचा प्रस्ताव जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे चर्चेला होता, पण जर्मनीविरुद्ध इटलीची मैत्री टिकवू पाहणाऱ्या फ्रान्सच्या पंतप्रधान लाव्हाल यांनी तो लांबणीवर टाकायला लावला. डिसेंबरात त्यांची आणि ब्रिटिश परराष्ट्रमंत्री हॉर यांची, अ‍ॅबिसिनियाचे लचके तोडून इटलीला देण्याची योजना पॅरिसच्या वृत्तपत्रांत फुटली. हॉर यांना पद सोडावे लागले; तेलबंदी मात्र मागे पडली ती पडलीच.

अमेरिका राष्ट्रसंघाबाहेर असल्याने बंदी फसलीच असती, हा आक्षेप वजनदार आहे. तरीही फेब्रुवारी १९३६ मध्ये राष्ट्रसंघाच्याच तज्ज्ञांनी असा निष्कर्ष काढला होता, की सर्वांनी पुरवठा थांबवल्यास, किंवा अमेरिकेने आपली विक्री नेहमीच्या पातळीवर रोखून धरली तरी, साधारण तीन-साडेतीन महिन्यांत बंदीचा परिणाम दिसेल. तेल तोडले असते तर आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती, असे खुद्द मुसोलिनीने पुढे म्युनिकमध्ये हिटलरला सांगितल्याचे हिटलरचा दुभाषी पॉल श्मिट याने नोंदवून ठेवले आहे.

तसे झाले असते, तर ७ मार्च १९३६ रोजी हिटलरने ऱ्हाइनलँड या जर्मनीच्या सैन्यबंदी असलेल्या पश्चिम पट्ट्यात सैन्य घुसवण्याचे धाडस केले असते का? मला वाटते, तो किमान काही काळ थांबला असता, कारण ब्रिटन आणि इटली हे लोकार्नो कराराचे (जर्मनीच्या पश्चिम सीमेची हमी देणाऱ्या १९२५ च्या कराराचे) दोन्ही हमीदार एकमेकांविरुद्ध उभे ठाकल्याचा त्याला पुरेपूर फायदा मिळाला. हिटलरचे मनसुबे त्यामुळे बदलले असते, असे मी म्हणणार नाही.

या चर्चांत युरोपचे काय झाले असते एवढेच बोलले जाते, याचा मला मनापासून राग येतो. अ‍ॅबिसिनियात विषारी वायूचा वापर डिसेंबर १९३५ च्या अखेरीस सुरू झाला; तेलबंदीची चर्चा पुढे ढकलली गेली, त्यानंतर.