मोठ्या देणग्या आणणारं माणूस शोधताना

मुलांच्या वाचनाचं काम करणाऱ्या आमच्या संस्थेला मोठ्या देणग्या आणणारं माणूस, म्हणजे फंडरेझर, हवंय. त्यासाठी आज इंटरव्ह्यूला जे गृहस्थ आले ते पूर्ण तयारीनं आले होते, सीव्ही नीटनेटका, बोलणं एकदम सफाईदार, आणि मध्येच मोबाईल टेबलावर ठेवून म्हणाले की मॅडम, यात शंभरेक मोठ्या लोकांचे पर्सनल नंबर आहेत, तुम्ही फक्त हो म्हणा, पहिल्या दिवसापासून फोन लावायला घेतो. आमचे एक ट्रस्टी खुर्चीत पुढे सरकून बसले, त्यांना माणूस मिळाला हे चेहऱ्यावरच दिसत होतं. मी विचारलं, हे नंबर कुठले? तर म्हणाले आधीच्या संस्थेचे डोनर, सगळ्यांशी अगदी घरच्यासारखं आहे.

माझ्यापुरता इंटरव्ह्यू तिथेच संपला. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, पण निर्णय झालेला होता. त्या लोकांनी आपले नंबर एका संस्थेवर विश्वास ठेवून दिले होते, यांच्या खिशात राहायला नाही. आणि जो माणूस आज तिकडची यादी घेऊन आमच्याकडे येतो तो उद्या आमची घेऊन तिसरीकडे जाणार, यात शंका घ्यायला जागाच नाही. शिवाय दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मोठी रक्कम देणारा माणूस कामाला देतो. एखाद्यानं पेशंटसाठी पैसे दिलेत, त्यामागे त्याच्या घरातलं एखादं आजारपण असेल, तर केवळ ओळखीच्या फंडरेझरनं नोकरी बदलली म्हणून तो अचानक मुलांच्या वाचनासाठी तेवढ्याच मनापासून पैसे का देईल? फार तर भिडेखातर एक छोटा चेक येईल आणि पुढच्या वर्षी फोन उचलणं बंद.

ट्रस्टींना हे सगळं गेटपर्यंत चालता चालता सांगितलं. पटलं असं म्हणाले, पूर्ण पटलेलं नाही हे मलाही कळलं. मग त्यांनी मीटिंगमधला जुना मुद्दा परत काढला, की पगार कमी ठेवू आणि आणलेल्या देणगीवर टक्के देऊ, म्हणजे आपली रिस्क नाही.

याला माझा ठाम विरोध आहे आणि तो इथे नीट लिहून ठेवते, कारण बोर्डात परत बोलावं लागणार आहे. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स ही या पेशातल्या लोकांची मोठी आंतरराष्ट्रीय संघटना, 1960 सालापासूनची, आणि 1964 मध्ये त्यांनी आचारसंहिता स्वीकारली. त्या संहितेत आज टक्केवारीवर किंवा कमिशनवर काम करायला सरळ मनाई आहे. चांगलं काम केल्यावर बोनस चालतो पण तोही देणगीच्या टक्क्यांत मोजायचा नाही. डोनरची माहिती संस्थेच्या मालकीची, ती दुसरीकडे न्यायची नाही, हेही त्यातच आहे. टक्क्यांना मनाई का, ते उघड आहे. टक्के लागले की समोरचा माणूस तयार व्हायच्या आधीच मागायची घाई होते, आज अर्धी रक्कम मिळाली तरी घेऊन टाकू असं वाटतं, आणि ज्याला मनापासून पाच वर्षांची शिष्यवृत्ती उभी करायची होती तो एका वर्षाच्या वह्या-पुस्तकांवर थांबतो. आणि डोनरला जर कळलं की मी दिलेल्या पैशातला हिस्सा समोर बसून गोड बोलणाऱ्याच्या घरी गेला, तर तो परत दारात उभं करेल का?

दुसरं म्हणजे टक्के द्यायचे कोणाला? फेब्रुवारी 2024 मध्ये डॉ. रूथ गॉट्समन यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनला 1 अब्ज डॉलर दिले आणि तिथल्या विद्यार्थ्यांची फी कायमची माफ झाली. बाई 1968 पासून त्या कॉलेजात काम करत होत्या, शिकण्यात अडचण येणाऱ्या मुलांवर त्यांचं काम, पुढे विश्वस्त मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांचं नातं. त्यात किती शिक्षक, किती विद्यार्थी, किती क्लार्क, किती डीन यांचा वाटा असेल, आणि शेवटच्या वर्षी कागदपत्रं करणाऱ्यालाच तेवढं श्रेय द्यायचं? मोठी देणगी एकटा माणूस कधीच आणत नाही, आणि हेच मला बोर्डाला परत परत सांगायचंय.

आम्हाला हे माणूस का हवंय तेही इथे टिपून ठेवते. घरात कोणीच शाळेत गेलेलं नाही अशा मुलांबरोबर आम्ही वाचनाचं काम करतो. ग्रँट मिळतात, पण ग्रँट तीन वर्षांची असते आणि मूल चौथ्या वर्षीही शिकत असतं. ग्रँटवाल्यांना नवं काहीतरी हवं असतं, आम्हाला मात्र तेच काम, त्याच शिक्षिका, टिकवून ठेवायच्या असतात, त्यांचे पगार, त्यांचं ट्रेनिंग, आणि या गोष्टींना विनाअट पैसा लागतो. तो बहुतेक वेळा व्यक्तींकडूनच येतो. आणि या क्षेत्रात कोणालाही विचारा, एकूण रकमेतला फार मोठा भाग अगदी मोजक्या लोकांकडून येतो, ऐंशी टक्के पैसा वीस टक्के लोकांकडून, हा ऐंशी-वीसचा हिशोब सगळेच सांगतात, मोठ्या कॅम्पेनमध्ये तर नव्वद-दहा म्हणतात. म्हणून त्या मोजक्या लोकांकडे नीट लक्ष देणारं एक पूर्णवेळ माणूस हवं.

आता ते मोजके लोक कोण, यावर आमच्याकडे सगळ्यांचं उत्तर एकच, श्रीमंतांची नावं काढा. मला वाटतं आधी आपलं स्वतःचं रजिस्टर काढा. अमेरिकेतले अब्जाधीश उद्योजक मायकल ब्लूमबर्ग 1964 मध्ये जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीतून पास झाले, पुढच्या वर्षी त्यांनी तिथे पहिली देणगी दिली ती 5 डॉलरची, आणि 2018 मध्ये त्याच युनिव्हर्सिटीला आर्थिक मदतीवर शिकणाऱ्या मुलांसाठी 1.8 अब्ज डॉलर दिले. आपल्याकडे ब्लूमबर्ग लपलेत असं मी म्हणत नाहीये, पण सात-आठ वर्षं दर वर्षी न चुकता छोटी रक्कम पाठवणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि छापील पावतीपलीकडे त्यांच्याशी कोणी बोललेलं नाही. त्यांतल्या कोणाकडे द्यायची ऐपत जास्त आहे, कोणाला हा विषय मनापासून जवळचा आहे, हे भेटल्याशिवाय कसं कळणार? हे भेटायला जाणं, हेच त्या नोकरीतलं मुख्य काम.

दुपारी इंटरव्ह्यूला आलेल्या ताई त्यामुळे मला आवडल्या. आधी एका शाळेच्या ऑफिसात होत्या, मग काही वर्षं दुसऱ्या एका संस्थेत डोनरचं काम. आम्ही सगळ्यांना एकच प्रसंग करून दाखवायला देतो, मी डोनर होते, निवृत्त बाई, आई शिक्षिका होती म्हणून दर वर्षी थोडे पैसे पाठवते, पहिलीच भेट. सकाळच्या गृहस्थांनी बसल्या बसल्या आमचे आकडे सांगायला सुरुवात केली, किती शाळा, किती मुलं, सगळं पाठ. या ताईंनी विचारलं, आई कितवीला शिकवायच्या? आणि मग गप्प बसल्या. खरंच गप्प. मला ते अपेक्षित नव्हतं, मी माझ्याच आईचं काहीतरी बोलायला लागले, ती संध्याकाळी मुलांना घरी बोलवून वाचून घ्यायची ते, आणि पाचेक मिनिटं मीच बोलत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की आमच्याकडे एक मुलगी आत्ता जोडाक्षरं वाचायला लागलीये, तुम्ही येऊन तिचं वाचन ऐकाल का?

बाहेर गेल्यावर ट्रस्टी म्हणाले, अहो पण त्यांनी पैसे मागितलेच नाहीत! आक्षेप रास्त आहे, कारण गोड बोलून नुसतं ओळखी वाढवत बसणारे आणि मागायची वेळ आली की विषय बदलणारे लोकही या पेशात भरपूर. म्हणून त्यांना परत आत बोलावलं आणि सांगितलं, समजा वर्ष झालं, मी चार वेळा येऊन गेले, आता मागा. त्यांनी आधी त्या मुलीचं नाव घेतलं, मग सांगितलं की एका शिक्षिकेचा तीन वर्षांचा पगार आणि ट्रेनिंग याला एवढा खर्च येतो, स्पष्ट आकडा, आणि तुम्ही तो पूर्ण उचलावा असं मी विचारायला आलेय. आणि परत गप्प. हे फार अवघड असतं, आकडा सांगितल्यावर गप्प बसणं. बहुतेक जण लगेच 'किंवा जमेल तेवढं द्या' म्हणून स्वतःच रक्कम खाली आणतात, समोरच्यानं विचार करायच्या आत.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, कुठली देणगी हातची जाऊ दिलीत? त्यांनी एक सांगितली. देणाऱ्याची अट होती की मुलांचे फोटो नाव-गावासकट त्याच्या जाहिरातीत वापरणार. त्यांनी आधी त्याला बदलायला सांगून बघितलं, जमलं नाही, मग नाही म्हटलं, आणि वरच्यांची बोलणी खाल्ली. हे सांगताना आवाजात तक्रार नव्हती. मला इथे वाटलं की आपण कुठल्या देणग्या घेणार आणि कुठल्या नाही याचं लेखी धोरण तयार पाहिजे, नाहीतर हे ओझं एकट्या फंडरेझरवर पडतं आणि आकडा मोठा असला की बोर्डसुद्धा डगमगतं. ते मी या महिन्यात लिहायला घेतेय, त्या जॉइन होवोत न होवोत.

आमच्या शिक्षिकांनाही इंटरव्ह्यूत बसवलं होतं आणि ते फार बरं केलं. त्यांचा पहिला प्रश्न, तुम्ही पाहुणे घेऊन येणार म्हणजे आमचा तास मोडणार का? ताई म्हणाल्या, पाहुण्यांनी मागे बसायचं, स्वागत नाही, गाणं नाही, तास चालू असेल तसा चालू द्यायचा, तास संपल्यावर एखाद्या मुलाला हवं असेल तर तो वाचून दाखवेल. शिक्षिकांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरला. देणगीचं काम आणि वर्गातलं काम करणाऱ्यांत दरी पडली की संस्थेचं नुकसान ठरलेलं, कारण फंडरेझरला सांगायला खऱ्या गोष्टी वर्गातूनच मिळतात.

पगाराचा प्रश्न उरतोच. या कामाचा बाजारातला पगार आमच्या शिक्षिकांपेक्षा जास्त आहे आणि त्यावरून कुजबुज होणार. माझं मत असं की योग्य पगार द्यावा, आणि का देतोय ते सगळ्यांना एकत्र बसवून सांगावं. लपवलं की जास्त कडू होतं.

पण मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. 2013 मध्ये अमेरिकेत कंपासपॉइंट आणि हास ज्युनियर फंड या दोन संस्थांनी एक पाहणी केली होती, त्यात देणगी विभाग सांभाळणाऱ्यांपैकी निम्मे लोक म्हणाले की दोन वर्षांत किंवा त्याआधीच आम्ही ही नोकरी सोडू. आणि पहिल्या भेटीपासून मोठी देणगी हातात यायला सहज वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षं लागतात. म्हणजे झाडाला फळ धरायच्या वेळेला माळी निघून गेलेला. हे लोक का जातात? टार्गेट असं दिलेलं असतं की कोणालाच गाठता येणार नाही, संस्थेच्या प्रमुखाला डोनरला भेटायला वेळ नसतो, आणि बोर्ड म्हणतं आता माणूस ठेवलाय ना, मग आम्ही कशाला. सगळा भार एका माणसावर टाकून त्याच्याकडे वर्षभरात चमत्कार मागायचा, हा अन्याय आहे त्या माणसावर, आणि मुलांवरही, कारण दर वेळी नात्यांची सुरुवात शून्यापासून करावी लागते.

म्हणून ताईंना ऑफर द्यायच्या आधी बोर्डाकडून काही गोष्टींवर हो घेणार आहे. पहिल्या वर्षी रकमेचं टार्गेट नाही, भेटी मोजायच्या, त्यातल्या किती जणांनी दुसऱ्यांदा भेटायची तयारी दाखवली ते मोजायचं, किती जणांपुढे नेमका प्रस्ताव ठेवला ते मोजायचं. सुरुवातीला पन्नास-साठ नावंच द्यायची, पूर्ण वेळ काम करणारा मुरलेला माणूससुद्धा शंभर-दीडशेच्या वर नीट सांभाळू शकत नाही. प्रत्येक भेटीची नोंद संस्थेच्या डेटाबेसमध्ये, वहीत किंवा मोबाईलमध्ये नाही. प्रत्येक ट्रस्टीनं स्वतः देणगी द्यायची, रक्कम कितीही असो, आणि वर्षातून निदान काही भेटींना सोबत जायचं. माझ्या कॅलेंडरमधली मंगळवारची आणि गुरुवारची दुपार मी आजच ब्लॉक करून टाकली, त्या वेळात फक्त डोनर.

ट्रस्टींचा मघाशी मेसेज आला, सहा महिन्यांचं प्रोबेशन ठेवू आणि किती पैसे आले ते बघून कन्फर्म करू. सहा महिन्यांत मोठी देणगी पिकत नाही, तेवढ्या मुदतीला घाबरून ताईंना मागायची घाई करावी लागेल. सहा महिन्यांनी रिव्ह्यू जरूर घेऊ, भेटींच्या नोंदी वाचून आणि शिक्षिकांशी बोलून, पण रकमेवरून कन्फर्मेशन नको असं त्यांना उत्तर लिहिलंय, सकाळी परत एकदा वाचून पाठवते, आणि ताईंच्या जुन्या सहकाऱ्यांना रेफरन्ससाठी फोन करायचाय, मुख्यतः वर्गात काम करणाऱ्या कोणालातरी.