सातव्या ताशी

इस्राएलमधली नासरेथ ते कफर्णहूम ही पायवाट, येशू वावरला त्या भागातली, साधारण ६५ किलोमीटरची. मी आणि दादा ती चार दिवसांत चाललो. पहिल्या दिवसाचं सांगण्यासारखं काही नाही, नवे बूट चावले इतकंच. माझ्यापुरती वारी सुरू झाली ती वाटेतलं काना गाव सोडल्यावर.

कानाला सगळे जातात ते येशूने तिथे पाण्याचा द्राक्षारस केला म्हणून. माझ्या मनात मात्र तिथलाच दुसरा चमत्कार होता, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायाच्या शेवटी आलेला. कफर्णहूमच्या एका अंमलदाराचा मुलगा तापाने मरणाला टेकलेला. बाप कानाला येऊन येशूला विनवतो, खाली चला. येशू जात नाही. तुझा मुलगा वाचला आहे, जा, एवढंच सांगतो. आणि बाप निघतो.

हा प्रसंग मला लहानपणापासून खुपायचा. चिन्हं आणि अद्भुतं पाहिल्याशिवाय तुम्ही विश्वास ठेवणारच नाही, हे त्या घायकुतीला आलेल्या माणसाला ऐकवायची काय गरज होती? आणि सोबत जायला काय झालं होतं? याईराची मुलगी मरणाला टेकली तेव्हा त्याच्या घरी गेलाच ना! आई आजारी होती तेव्हा तर मी तो अध्याय उघडणंच सोडलं होतं.

‘खाली’ हा शब्द चालल्याशिवाय कळत नाही. काना टेकड्यांमध्ये, आणि कफर्णहूम ज्याच्या काठी आहे ते गालीलचं सरोवर समुद्रसपाटीच्याही साधारण २१० मीटर खाली. म्हणजे बाप चढ चढून आला होता आणि आता उतरत होता, एकटाच, रिकाम्या हातांनी.

मध्ये आमची वाट चुकली. खडकांवर पांढरा-नारिंगी-पांढरा पट्टा रंगवलेला असतो, तो एका गव्हाच्या शेतानंतर दिसेनासाच झाला. तासभर काट्यांत फिरलो.

“त्या माणसाकडे तर असल्या खुणाही नव्हत्या,” दादा वैतागून म्हणाला.

“शब्द होता.”

“नुसत्या शब्दावर एवढं उतरायचं?”

मी काही बोललो नाही. टाचेवरचा फोड फुटला होता आणि मोजा त्याला चिकटला होता. दगडावर बसून तो हळूहळू सोडवत असताना हिशेब डोक्यात आला. चाकर बापाला वाटेत भेटतात. मुलगा वाचल्याचं सांगतात. त्याला उतार कधी पडला, बाप विचारतो. काल, सातव्या ताशी, ते सांगतात. सातवा तास म्हणजे दुपारचा एक. येशू बोलला तीच वेळ. आणि ‘काल’ म्हटलं की मध्ये रात्र आलीच. म्हणजे बाप वाटेत जीव मुठीत धरून होता तेव्हा घरी पोरगं खडखडीत बरं झालेलं, कदाचित खायलाही मागत असेल. येशू सोबत निघाला असता तर बापाच्याच पावलांनी चालावं लागलं असतं, आणि पोराने तेवढा वेळ आणखी तापात काढला असता. मी जिला इतकी वर्षं टाळाटाळ समजत होतो, ती घाई होती. प्रेमाला बापाच्या पुढे पोहोचायचं होतं.

आईच्या वेळी असा निरोप आला नाही. हाच हिशेब तिला लावून पाहिला, जमला नाही. पण त्या रात्री तो अध्याय पुन्हा वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

सरोवराजवळचा अर्बेलचा कडा उतरताना हात दगडात ठोकलेल्या लोखंडी कड्यांवर आणि नजर पायांवर. सरोवर समोर पसरलेलं, पण बघायला सवड कुणाला! तळाशी पोहोचल्यावर दादाने मागे वळून सगळा कडा नजरेनेच परत चढून पाहिला.

“त्या चाकरांचं बघ,” तो म्हणाला. “पोरगं बरं झालं होतं. घरीच थांबायचं ना, बाप येणारच होता.”

“तरी चढून गेले.”

“या असल्या उन्हात,” दादा म्हणाला, आणि उरलेल्या पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.