तुम्ही विचारलंत म्हणून: हवा बदलली की माणसं आजारी का पडतात?

मी मायक्रोबायोलॉजी शिकवते हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, काय हो, हवा बदलली की ताप-सर्दी का येते? दरवेळी तेच तेच सांगायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

नुसत्या हवेने ताप येत नाही, जंतू लागतोच. पावसात भिजलात आणि आसपास कुठलाच व्हायरस नसेल तर तुम्ही फक्त भिजलात, बाकी काही नाही. पण हवा त्या जंतूचं घड्याळ पुढेमागे करते आणि खरी गंमत तिथेच आहे.

मलेरियाचं बघा. डास पेशंटला चावला आणि लगेच दुसऱ्याला मलेरिया देऊन आला असं होत नाही, परजीवी आधी डासाच्या पोटात वाढतो (ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसना तो 1897 साली तिथेच दिसला होता), मग लाळेत उतरतो, आणि 25-28 अंशांना या सगळ्याला साधारण 10-12 दिवस जातात. 20 अंशांच्या आसपास फॅल्सिपेरमला (मलेरियाच्या परजीवीची एक जात) तीन आठवड्यांहून जास्त लागतात, 18च्या खाली तर काम जवळपास ठप्पच. आता बाहेर मोकळ्यावर डासाची मादी बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांच्या आतच मरते. म्हणजे गारठ्यात परजीवी तयार होईपर्यंत त्याची गाडीच भंगारात गेलेली असते! चार-पाच अंशांनी साथ येणार की नाही ते ठरतं ते असं.

फ्लूचं उलट. 2007 साली गिनीपिगवरचा एक प्रयोग छापून आला, त्यात 5 अंशांना फ्लू शेजारच्या पिंजऱ्यात सहज पोचला आणि 30 अंशांना हवेतून पोचलाच नाही, कोरडी हवाही त्याला मानवली. पण उष्ण प्रदेशांत बऱ्याच ठिकाणी फ्लू पावसाळ्यातच वाढतो, त्यामुळे सगळं खापर थंडीवर फोडू नका, खिडक्या लावून एका खोलीत दाटीवाटीने बसणारे आपणही त्यात असतोच.

आणि पाऊस म्हणजे डेंग्यू हेही इतकं सरळ नाही. धो-धो पावसात अळ्या वाहूनही जातात, उलट पाणीटंचाईत लोक घरात पाणी साठवतात आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची सोय होते. या डासाची अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात, मिलिमीटरपेक्षा लहान, काळी, बघणाऱ्याला वाटतं धूळच बसलीय. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, घासल्याशिवाय निघत नाहीत, आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात.

मी एकदा कुंडीखालची बशी मुद्दाम न घासता नुसती उन्हात वाळवून ठेवून दिली होती, दोन महिन्यांनी तिच्यात पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी टॉर्च मारला तर आत अळ्या वळवळत होत्या.