उद्याची शिफ्ट आज रात्री साडेदहाला

चाकण, भोसरी साइडला ज्यांनी नोकरी केलीय त्यांना माहितीये, कंपनीच्या गेटजवळ बोर्डावर एक जुनाट कागद लावलेला असतो, फर्स्ट शिफ्ट इतके ते इतके, सेकंड इतके ते इतके, जेवणाची सुट्टी अमुक वाजता. कोणी वाचत नाही तो. पण तो काही एचआरच्या हौसेनं लागलेला नाहीये, त्याच्यामागे नोव्हेंबर 2025 पर्यंत फॅक्टरीज ॲक्ट 1948 चं कलम 61 होतं. कामगारांचा कुठला गट कधी येणार कधी जाणार हे आधी ठरवायचं, गेटपाशी दिसेल असं लावायचं, इंग्रजीत आणि बहुतेक कामगारांना कळेल त्या भाषेत, आणि एक प्रत फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे. बदल करायचा असेल तर आधी इन्स्पेक्टरला कळवायचं, आणि एकदा बदल केला की आठवडा उलटल्याशिवाय त्याच्या परवानगीविना पुन्हा बदलायचं नाही. त्याच कायद्यात बायकांसाठी कलम 66 मध्ये अजून एक गोष्ट होती, शिफ्ट बदलायची तर साप्ताहिक सुट्टी किंवा दुसरी एखादी सुट्टी झाल्यावरच. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, फक्त बायकांपुरतंच का ठेवलं ते कळत नाही, झोपेचं खोबरं पुरुषांच्याही होतंच की.

अजून एक 21 दिवसांच्या नोटिशीचं ऐकलं असेल. ते तेव्हाच्या इंडस्ट्रियल डिस्प्यूट्स ॲक्टचं कलम 9 अ. इथे भलेभले गोंधळ करतात म्हणून सांगतो, दर आठवड्याला फर्स्टची सेकंड होते त्यासाठी 21 दिवसांची नोटीस नसते, ते रोटेशन स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कंपनीच्या कामाच्या लेखी नियमांमध्ये, आधीच ठरलेलं असतं. पण मालकानं स्टँडिंग ऑर्डर सोडून शिफ्टची पद्धतच नवीन सुरू केली, बदलली किंवा बंद केली तर मात्र 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते.

आता हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे माझी मावसबहीण. ती मॉलमधल्या एका कपड्यांच्या शोरूमला आहे, ब्रँडचं नाव नको. तिचं सोमवारपासूनचं रोस्टर रविवारी रात्री साडेदहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतं, खाली दहा जणांचे अंगठे, आणि मग पावणेबाराला मॅनेजरचा व्हॉइस मेसेज की अमुकला ताप आलाय तर तू उद्या ओपनिंगला ये. ती अजून क्लोजिंग करून घरी पोचलेलीसुद्धा नसते. पोरगा चार वर्षांचा, सासूबाईंचे गुडघे गेलेले, पाळणाघरवाल्या ताई सकाळी साडेनवाच्या आधी घेत नाहीत, म्हणजे प्रत्येक बदलाला तिला रात्री बारा वाजता शेजारणीला मेसेज टाकून विचारायला लागतं. रिक्षाचे पैसे वेगळे. हा सगळा खर्च तिचा, मॅनेजरचा खर्च एक व्हॉइस मेसेज.

खरं दुखणं तेच आहे. बदल करणाऱ्याला तो फुकट पडतो, म्हणून तो कसाही करतो.

दुकानांसाठी आहे आपला महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने आणि आस्थापना कायदा. त्यात आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी आहे, सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर बदली सुट्टी आहे, शिफ्टची वेळ आणि तास लेखी कळवायचे असंही आहे. किती दिवस आधी, ते नाही. म्हणजे रात्री पावणेबाराचा मेसेज पण लेखीच की, फक्त व्हॉइसमध्ये नको!

न्यूयॉर्क शहरात 2017 पासून याला आकडा आहे. मोठ्या फास्ट फूड साखळ्यांनी 14 दिवस आधी शेड्यूल द्यायचं, नंतर बदललं तर बदल केवढा आणि किती उशिरा केला ते बघून दर वेळी 10 ते 75 डॉलर त्या कामगाराला. रात्री क्लोजिंग आणि मध्ये 11 तासही न सोडता सकाळी ओपनिंग, तर आधी कामगाराची लेखी संमती आणि वर 100 डॉलर. रिटेल दुकानांना 72 तासांची मुदत, आणि 'घरी तयार राहा, लागलं तर बोलावतो' हा प्रकार बंद. अमेरिकेतल्याच ओरेगॉनमध्ये तर अख्ख्या राज्याला कायदा आहे, 2018 ला 7 दिवसांपासून सुरू केला आणि 2020 ला 14 वर नेला. आणि हे नुसतं कागदावर नाही, 2022 मध्ये चिपोटले या फास्ट फूड कंपनीला शेड्यूल आणि आजारपणाच्या रजेच्या तक्रारींवरून न्यूयॉर्क शहराबरोबर 2 कोटी डॉलरची तडजोड करायला लागली, पैसे कामगारांना.

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं, अहो रिटेल आहे, गर्दीचा अंदाज नसतो, माणसं दांड्या मारतात. मला हे अर्धंच पटतं. कोणी खरंच आजारी पडलं तर बदल होणारच, तिकडेही दोघांनी आपापसात शिफ्ट बदलली तर दंड नाही, वादळ वगैरे आलं तरी नाही. पण सेलची तारीख काय आदल्या रात्री ठरते का? हायवेला होर्डिंग लागतं, पेपरात जाहिरात येते, माल येऊन गोडाऊनला पडतो, सगळ्या गोष्टी आधीपासून ठरलेल्या, फक्त कामावर कोण कधी येणार तेवढं रविवारी रात्री साडेदहाला सुचतं.

वरच्या फॅक्टरीज आणि डिस्प्यूट्स ॲक्टच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन कामगार संहिता आल्यात. 21 दिवसांची नोटीस त्यात राहिलीय, बोर्डावर वेळा लावायचं कलमही राहिलंय, आणि ते आता फक्त कारखान्यांसाठी नाही, दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. पण रोजच्या बदलासाठी किती दिवस आधी सांगायचं आणि नाही सांगितलं तर कामगाराला किती पैसे, ते इथेही नाहीये.

मी मावसबहिणीला म्हटलं भांडू नकोस, सगळ्यांच्या सहीनं एक मेल टाका की रोस्टर शनिवारी दुपारपर्यंत मिळावं, आणि ग्रुपवरच्या प्रत्येक बदलाचा स्क्रीनशॉट ठेव, वीक ऑफला बोलावलं तर तारखेसकट. सहा जणींनी सही केली, मुलांपैकी एकानं. मॅनेजर म्हणाला एवढंच होतं तर तोंडी सांगायचं, आणि दिवाळीपर्यंत खरंच शनिवारी टाकत होता. मग त्याची बदली झाली, नवीन आलेत त्यांचं म्हणणं मेल त्यांच्या नावावर नाही. आता दुसरा मेल ड्राफ्ट करून दे म्हणून माझ्या मागे लागलीये.