१२८ च्या धडात १४५० चं काळीज

गवताच्या गंजीमागे तो जुना, छोटा ट्रॅक्टर उभा होता. वर ताडपत्री, चारी चाकांत हवा नाही, सीटमध्ये उंदराचं घर. विकणारे गृहस्थ पत्र्यावरची धूळ हातानं पुसत होते, आणि धुळीखालून ‘इंटरनॅशनल’ ही अक्षरं वर आली. मी भाव करायचं विसरलो. चारशे डॉलर म्हणाले, चारशे दिले.

आमच्या फलटणच्या मळ्यात आजोबांनी घेतलेला बी-२७५ ट्रॅक्टर अजून आहे. त्याच्या तोंडावरही हेच नाव. १९६३ साली महिंद्रनं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरला आणि व्होल्टासला बरोबर घेऊन इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ बनू लागला. पुढे १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्येच विलीन झाली, पण आमच्याकडे त्या ट्रॅक्टरला कुणी महिंद्र म्हणालेलं मला आठवत नाही. तो ‘इंटरन्याशनल’च. अण्णा, म्हणजे माझे वडील, आजही नांगरट संपली की त्याच्या बॉनेटवरून हात फिरवतात.

मी इंडियाना राज्यात कोलंबसला राहतो. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथं असल्यानं पुण्याकडची माणसं या गावात पुष्कळ. घरामागं सव्वा एकर जागा आहे आणि मला तिथं मेथी, गवार, वांगी लावायची होती. भाड्याचं यंत्र आणून दोन वर्षं माती उकरली, पण इथली माती चिकण. पाऊस पडला की लोणी आणि वाळली की वीट. आपलंच काहीतरी हवं होतं.

मी घेतलेला तो कब कॅडेट १२८, गवत कापायचा, बागेतला छोटा ट्रॅक्टर. इंटरनॅशनलनं १९६१ च्या हंगामासाठी पहिला कब कॅडेट आणला, तेव्हा त्याचा मागचा गिअरबॉक्स त्यांच्या फार्मऑल कब या शेतीच्या ट्रॅक्टरवरून घेतला होता. गवत कापायच्या यंत्राला शेतातल्या ट्रॅक्टरचं कंबरडं! म्हणून तर पन्नास वर्षांनंतरही ही यंत्रं मागून खचत नाहीत. ती बनत केंटकीतल्या लुइव्हिलला, माझ्या घरापासून गाडीनं सव्वा तासावर. १२८ हे मॉडेल १९७१ ते १९७४ मधलं: तीन गिअर, क्लच, आणि बारा अश्वशक्तीचं, एका सिलिंडरचं कोहलर के-३०१ इंजिन.

इंजिन सुरू झालं, पण निळा धूर एवढा की शेजारचे आजोबा कुंपणाशी आले. हे आजोबा निवृत्त टर्नर. त्यांच्या गॅरेजमध्ये लेथ आहे आणि त्यांना बोलायला माणूस हवा असतो. पुढची सगळी गोष्ट त्यांच्याशिवाय झाली नसती.

हेड उघडलं. पिस्टनच्या डोक्यावर ०३० कोरलेलं. म्हणजे कुणीतरी आधीच शेवटचा बोअर मारून, म्हणजे सिलिंडरचं भोक कातून वाढवून, तीस थाउनं (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा पिस्टन बसवलेला. सिलिंडर मोजला तर वरच्या अंगाला आठ थाउ ओव्हल. आता आणखी बोअर करायला त्या साइजचा पिस्टन मिळत नाही. स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, टाकता आली असती, पण आजोबांनी मान हलवली. म्हणाले, त्याच खर्चात मोठ्या भावाचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, शोध.

मोठा भाऊ म्हणजे के-३२१, चौदा अश्वशक्तीचा. इथं मी तीन रात्री कागद घेऊन बसलो आणि या यंत्राच्या खरंच प्रेमात पडलो. के-३०१ चा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, सव्वातीन इंच आणि वर एक सूत (इंचाचा आठवा भाग), म्हणजे ३.३७५. के-३२१ चा साडेतीन इंच. पण स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल? दोन्हींचा सव्वातीन इंच. म्हणजे क्रँक, पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा, माझ्याच इंजिनाचा वापरता येईल. क्रँक माझा राहिला तर फ्लायव्हील माझं राहतं, पुढची पट्ट्याची पुली माझी राहते, स्टार्टर-जनरेटर जागच्या जागी बसतो. बदलायचं ते फक्त ब्लॉक, पिस्टन, रॉड आणि हेड. ज्यांनी हे इंजिन आखलं त्यांनी एकाच सांगाड्यातून चार-चार ताकदी काढल्या; मापं कुठं धरून ठेवायची आणि कुठं सोडायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ब्लॉक मिळाला एका कब कॅडेट १४५० मधून. हे १९७४ नंतरच्या पिढीतलं मॉडेल, हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं. त्याची चेसी गंजून गेली होती, म्हणून अख्खा ट्रॅक्टर अडीचशेला मिळाला. या पिढीत इंजिन रबरी बुशांवर तरंगतं ठेवलेलं असतं, कंप कमी व्हावा म्हणून. माझ्या १२८ मध्ये ते थेट चेसीला आवळलेलं. त्यामुळे १४५० चा खालचा तेलाचा पॅन माझ्याकडं बसणार नव्हता. पॅन १२८ चा आणि ब्लॉक १४५० चा अशी जोडी लावायची होती. बोल्टांची भोकं जुळली. पण भोकं जुळली म्हणजे काम झालं असं नाही. या इंजिनात तेलाचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला एक जीभ असते, ती पॅनमधल्या तेलात बुचकळते आणि तेल उडवते. जीभ तळाला लागली तर पहिल्याच मिनिटाला तुटणार, फार वर राहिली तर तेल उडणार नाही. मुलीच्या खेळण्यातली चिकणमाती मागून आणली, पॅनच्या तळाशी थापली, सगळं तात्पुरतं आवळून क्रँक हातानं दोन फेरे फिरवला आणि पॅन पुन्हा काढला. मातीत जिभेची खूण उमटली होती आणि खुणेखाली पुरेशी माती शिल्लक होती. त्या दिवशी मी निवांत जेवलो.

ब्लॉक उलटा केला तेव्हा आत दोन बॅलन्स गिअर दिसले. हे क्रँकबरोबर फिरून कंप मारतात. कल्पना चांगली, पण ते बारीक नीडल बेअरिंगवर फिरतात, आणि पन्नास वर्षांच्या बेअरिंगचा भरवसा कोण देणार? एखादा निसटून क्रँकखाली आला तर ब्लॉकच फुटतो. जुनी इंजिनं बांधणारी बहुतेक माणसं ते काढून ठेवतात. मीही काढले. थोडा कंप वाढतो, तो मला चालणार होता.

ब्लॉकला दहा थाउचा बोअर, क्रँकपिन (क्रँकचा रॉड बसतो तो भाग) दहा थाउनं खाली घासून घेतली, आणि त्या मापाचा रॉड आणला. इथं एक गोष्ट नव्यांना सांगावीशी वाटते. या इंजिनाच्या रॉडमध्ये बेअरिंगचे शेल नसतात; ॲल्युमिनियमचा रॉड थेट क्रँकपिनवर फिरतो. म्हणून पिन गोल आहे का, हे डोळ्यानं ठरवू नका. आमच्या पिनवर नखाला काही लागत नव्हतं, आणि मायक्रोमीटरनं दोन थाउचा फरक दाखवला. मशिन शॉपचं बिल दोन्ही ट्रॅक्टरांच्या मिळून किमतीपेक्षा जास्त आलं. त्याची मला अजिबात खंत नाही.

अण्णांना रोज रात्री, म्हणजे त्यांच्या सकाळी, व्हिडिओ कॉल व्हायचा. मी काय मोजलं ते ते विचारायचे. ते इंचात बोलत नाहीत, सुतात बोलतात. मी थाउ सांगितले की म्हणायचे, “त्ये ऱ्हाऊ दे, सुतात सांग किती.”

आता क्रीपरविषयी. माती उकरायला मागं रोटाव्हेटर जोडायचा, तर ट्रॅक्टर मुंगीच्या चालीनं जायला हवा. १२८ चा पहिला गिअरसुद्धा त्या कामाला फार पळतो. त्यासाठी कंपनी एक जास्तीचा गिअर-संच देत असे, त्याला क्रीपर म्हणतात. तो गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडावर बसतो आणि चाल एकदम मंद करतो. मला मिळाला तो १२२ या मॉडेलचा, साठीच्या दशकातला, माझ्या ट्रॅक्टरपेक्षा जुना आणि अरुंद चेसीचा. पण गिअरबॉक्सचं तोंड तेच! गॅस्केट लावलं, दाबून बसवला, बसला. लिव्हरसाठी मधल्या पत्र्याला एक खाच कापावी लागली, बस.

अडचण पुढं होती. क्रीपर पुढं येतो, तेवढा क्लचचा शाफ्ट आखूड लागतो. आजोबा म्हणाले, माप दे, लेथवर करून देतो. मी माप घेतलं, दोनदा घेतलं. त्यांनी शाफ्ट कातला, पिनांची भोकं पाडली. क्लचच्या प्लेटा, स्प्रिंगा, थ्रो-आउट बेअरिंग असं सगळं शाफ्टवर ओवून, इंजिन चढवून चार बोल्ट आवळले. आणि इंजिन हातानं फिरेना. आवळायच्या आधी फिरत होतं, आवळल्यावर जाम.

ती रात्र वाईट गेली. रॉडचे बोल्ट आवळण्याचा जोर चुकला? रिंग तुटली? नवीन बोअर मारलेला ब्लॉक पुन्हा उघडायच्या विचारानंच पोटात कालवत होतं. सकाळी अण्णांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बोल्ट ढिलं केलं की फिरतंय न्हवं? मग इंजनाचा दोष न्हाई. मागनं कायतरी रेटतंय त्याला. माप घेतलंस तवा बोल्ट आवळलं हुतंस का?”

नव्हते आवळले. माप घेताना इंजिन चेसीवर नुसतं टेकवलेलं होतं. बोल्टांच्या भोकात जी ढील असते, तेवढं ते पुढं सरकलेलं होतं. आवळल्यावर आपल्या जागी मागं आलं आणि शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या मधल्या बुशात जाऊन भिडलं. मी गेज लावून पाहिलं.

“किती?” अण्णांनी विचारलं.

“अर्धं सूत.”

“मग कात की तेवढं.”

सात हजार मैलांहून अधिक दूर बसून, त्या ट्रॅक्टरला एकदाही हात न लावता त्यांनी दोष सांगितला. बी-२७५ चा क्लच त्यांनी स्वतः किती वेळा उतरवला असेल, मला मोजता येणार नाही. आजोबांनी शाफ्टचं टोक अर्धं सूत आणि वर थोडी सुटीची जागा एवढं घेतलं. पुन्हा चढवलं. बोल्ट आवळले. एका हातानं फ्लायव्हील फिरलं, कॉम्प्रेशनशी थबकलं, पुढं गेलं.

बाकीचं भराभर झालं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची गॅप वीस थाउ, फ्लायव्हीलवरची एसची (स्पार्कची) खूण खिडकीत येते तिथं ठिणगी. वायरिंग १२८ चंच, फक्त फाटलेल्या वायरी बदलल्या. हवेवर थंड होणारं इंजिन आहे, त्यामुळे सिलिंडरभोवतीचे सगळे पत्रे एकूण एक परत लावले. पुष्कळ लोक दोन-तीन पत्रे कोपऱ्यात टाकून देतात आणि मग हेड का तापतं म्हणून विचारतात. रंग फक्त बॉनेटला दिला, मूळचाच पिवळा. मडगार्डवरचे ओरखडे तसेच ठेवले.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सुरू केला. पहिल्या सेल्फला नाही, तिसऱ्याला. धूर आला तो जोडताना लावलेल्या तेलाचा, दोन मिनिटांत स्वच्छ झाला. फोन मी फांदीला अडकवला होता. पलीकडे अण्णा आणि त्यांच्या मागं आई. गाडी सुरू असेपर्यंत अण्णा एक शब्द बोलले नाहीत. कानाला फोन लावून नुसता आवाज ऐकत राहिले. बंद केल्यावर म्हणाले, “ठोका चांगला हाय. एकाच सिलिंडरचा हाय, पर चांगला हाय.”

मेच्या मध्यात, दहिवर गोठायचे दिवस सरल्यावर, रोटाव्हेटर जोडला, क्रीपर टाकला आणि पहिला गिअर. ट्रॅक्टर इतका सावकाश निघाला की मुलगी त्याच्या बाजूनं चालता चालता पुढं गेली. मागं वळून पाहिलं तर चिकणमातीची ढेकळं फुटून हाताच्या वीतभर खोल भुसभुशीत सरी पडलेली. के-३०१ नं ही माती ओढली असती का, मला शंका आहे. चौदाच्या इंजिनाचा आवाज खाली बसला, पण दम सुटला नाही. चार फेऱ्यांत मेथीचा वाफा झाला, दुसऱ्या दिवशी गवारीचा.

नव्या बांधलेल्या इंजिनाचं पहिलं तेल पाच तासांनी बदलायचं. काल पाच तास भरले. गरम असतानाच तेल काढलं, पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळलं आणि उन्हात धरून पाहिलं. ॲल्युमिनियमची थोडी बारीक चमक होती, नव्या रॉडची असते तेवढी. चुऱ्याचा एकही कण नाही. लोहचुंबक फिरवला, त्यालाही काही लागलं नाही. फडक्याचा फोटो अण्णांना पाठवला. तिकडे पहाट असेल म्हणून उत्तराची वाट न बघता नवं तेल भरायला घेतलं, तोच फोन वाजला.

“फोटू मोठा करून बघितला,” अण्णा म्हणाले. “बरं हाय. आता वांग्याचा वाफा कवा करतोस?”